मुक्काम कोणाच्या घरी?

सुट्या जवळ आल्या की पुण्यामुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांत एका प्रश्नाची फार गांभीर्याने चर्चा होते. जायचे कोठे, हा तो प्रश्न नव्हे; भोर किंवा वेल्हे हे पूर्वीच ठरलेले असते. प्रश्न असतो राहायचे कोठे हा. जागा रम्य हवी. पुढे धरणाचे पाणी हवे, मागे राजगड किंवा तोरणा दिसायला हवा. भाकरी चुलीवरची हवी, पण न्हाणीघर मात्र शहरातले हवे. आणि शेजारी वस्ती नसावी. या शेवटच्या अटीविषयी मला लिहावयाचे आहे. कारण ही अट घालणाऱ्यांत आपल्या विचारांची म्हणविणारी मंडळीही थोडीथोडकी नाहीत.

खेडे हवे, पण खेडूत नको, असा या अटीचा सरळ अर्थ आहे. आणि ती पुरी होते, हे त्याहून वाईट. या दोन तालुक्यांत वस्ती नसलेल्या रम्य जागा इतक्या सुलभतेने कशा मिळतात, याचा विचार पाहुण्याने करावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही. कार्यकर्त्याने मात्र तो केला पाहिजे.

ज्या जलाशयाकडे तोंड करून खुर्च्या मांडल्या जातात, त्याच्यापासूनच आरंभ करू. वेळवंडी नदीवरचे भाटघरचे मोठे धरण १९२८ साली पुरे झाले. साडेतेवीस टीएमसी पाणी साठविणाऱ्या या धरणाखाली खोऱ्यातील भाताची उत्तम खाचरे गेली आणि माणसे वरच्या मुरमाड उतारावर सरकली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबऱ्याचे कांबरेश्वराचे देऊळ वर येते. वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे छापून येतात, लोक मोटारी घेऊन ते पाहावयास जातात. देवळाभोवती एके काळी गाव नांदत होते, हे त्या छायाचित्रात दिसत नाही. पुढे अंबी नदीवर पानशेत आले, मोसे नदीवर वरसगाव आले, नीरेवर देवघर आले, कानंदीवर गुंजवणी आले. भाटघर आणि देवघर यांच्या पाण्यावर फलटण, बारामती, इंदापूर, माळशिरसचे शिवार भिजते. पानशेत-वरसगावचे पाणी पुणे शहर पिते. याबद्दल त्या गावांचा वा शहराचा दोष नाही. पाणी माणसांसाठीच असते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत ज्या वाड्यांच्या पायथ्याशी धरण आहे, त्याच वाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, आणि त्याच डोंगरउतारावरील विश्रांतिगृहाच्या पोहण्याच्या तलावात मात्र निळे पाणी डुलत असते, याला काय म्हणावे? पाहुण्यांना त्या पाण्याचे आकर्षण असते. यजमान गावच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन त्याच रस्त्याने जातात, आणि त्यांचीही छायाचित्रे निघतात.

धरणातून वाचलेली जमीन आता कोणत्या वाटेने जात आहे, तेही पाहू. १ एप्रिल १९५७ हा दिवस कुळकायद्यात कृषक दिन म्हणून लिहिला गेला आणि कसणारा कुळ कायद्याने मालक ठरला. ती जमीन कुळाकडून पुन्हा सहजी निसटू नये म्हणून तिच्या विक्रीस परवानगीचा अडसर होता. २०१४ साली हा अडसर सैल करण्यात आला: खरेदीस दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम सरकारात भरावी आणि जमीन विकावी. शेतसाऱ्याचा आकार किती असतो हे ठाऊक असलेल्या वाचकास या चाळीस पटीचे हसू आल्यावाचून राहणार नाही. बिगरशेतकऱ्याने शेतजमीन घेऊ नये, असे त्याच कायद्याचे ६३ वे कलम सांगते. पण कोठेतरी दूरवर तुकडा दाखवून शेतकरी झालेले किती वकील, डॉक्टर आणि बांधकाम व्यावसायिक या खोऱ्यांच्या सातबारांवर आहेत, ते तलाठ्यास विचारावे. ज्या कायद्यासाठी समाजवाद्यांच्या एका पिढीने आयुष्य वेचले, तो कायदा आमच्या डोळ्यांदेखत आतून पोखरला गेला. त्यावर एकही मोर्चा निघाला नाही, कारण एकेक व्यवहार सुटा आणि कायदेशीर होता.

वेल्ह्याकडील एका खोऱ्यात, कुंपण घातलेल्या एका बंगल्याच्या फाटकाशी पावसाळ्यात आम्ही दोघे कार्यकर्ते आडोशाला थांबलो होतो. रखवालदाराने आत बोलावून चहा पाजला. “जमीन आमचीच होती की साहेब,” असे तो अगदी सहज म्हणाला. आजा कुळ होता, बापाच्या नावे सातबारा झाला, बहिणीच्या लग्नात आणि बापाच्या आजारपणात निम्मी गेली, उरलेली भावाने मुंबईत खोली घेण्यासाठी काढली. “मालक यायच्या आधी फोन करतात. मग बायको भाकऱ्या टाकते.” पाहुण्यांनी वाखाणलेली चुलीवरची भाकरी ती हीच. त्याच्या स्वतःच्या घरी गॅस होता. चूल पाहुण्यांसाठी बंगल्याच्या अंगणात मुद्दाम घातली होती.

“त्याने स्वखुशीने विकली,” असे उत्तर यावर मिळते. पावसाच्या भरवशावर भाताचे एक पीक, डोंगरउतारावर थोडी नाचणी आणि वरई, दिवाळीनंतर पोटासाठी मुंबई-पुण्याची वाट, आणि दवाखान्याचे बिल आले की विकावयास जमिनीखेरीज दुसरे काहीही नाही, अशा माणसाच्या स्वखुशीचे मोल काय करावयाचे? धरणाच्या काठी राहून ज्याला शेताला पाणी मिळाले नाही, त्याच्यावर विक्रीची सक्ती करण्यास कोणा गुंडाची गरज पडत नाही.

दुसरे उत्तर असते रोजगाराचे. रोजगार मिळतो, हे मान्य. शनिवार-रविवारी वाढपी, मोलकरीण, माळी आणि रखवालदार लागतात. परंतु मालकाला मजूर करावयाचे आणि वर मजुरी दिल्याचे उपकार सांगावयाचे, हा अर्थशास्त्राचा फार जुना धडा आहे. सावकार आणि इनामदारही तो जाणत होते.

आता आपल्याच काही मित्रांशी भांडण काढणे भाग आहे. हे सारे ऐकून ते म्हणतात, पर्यटन हे भांडवलशाहीचे चोचले आहेत, कार्यकर्त्याला सुटी कशाला हवी? ही वृत्ती मला मुळीच मान्य नाही. तिच्यात त्यागापेक्षा कोरडेपणाच अधिक आहे. सुटी हा कामगाराचा हक्क आहे आणि तो समाजवाद्यांनीच मिळविलेला आहे. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये संपकरी कामगारांनी गिरण्या-कारखाने ताब्यात घेतले होते, तेव्हा लेओं ब्लूम यांच्या समाजवादी नेतृत्वाखालील सरकारने आठवड्याला चाळीस तासांचे काम आणि वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा यांचे कायदे केले. त्या मंत्रिमंडळात लेओ लाग्रांज या तरुण समाजवाद्याकडे क्रीडा आणि विरंगुळा हे खाते होते. त्याने रजेवरील कामगारांसाठी चाळीस टक्के सवलतीचे रेल्वे तिकीट काढले. प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांनी त्याच्या खात्याला आळशांचे मंत्रालय म्हणून हिणविले. त्या उन्हाळ्यात असंख्य कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र आणि परक्या प्रांतातील खेडे पाहिले. लाग्रांज १९४० साली युद्धाच्या आघाडीवर मारला गेला. आज जगभरचे श्रीमंत ज्या फ्रेंच खेड्यांत रम्य घरे शोधीत हिंडतात, तेथे सुटी घालविण्याची वाट सामान्य माणसासाठी अशी मोकळी झाली होती.

पुढची गोष्ट आमच्या पर्यटन खात्याने मन लावून वाचावी. महायुद्धानंतर तेथील खेडी ओस पडू लागली. तेव्हा शेतकऱ्यांनी आपल्याच जुन्या घरातील, गोठ्यावरील खोल्या दुरुस्त करून पाहुण्यांना द्याव्यात, त्यासाठी सरकारने अनुदान आणि कर्ज द्यावे, अशी योजना निघाली. १९५५ मध्ये अशा घरांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. घर शेतकऱ्याचे, भाडे शेतकऱ्याला, आणि शेती चालूच. एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९६० च्या कायद्याने प्रांतोप्रांती जमिनीची देखभाल करणाऱ्या, नफा न कमाविणाऱ्या संस्था उभ्या केल्या, आणि दोन वर्षांत त्यांना असा अधिकार दिला की शेतजमीन विक्रीस निघाली तर प्रथम खरेदीचा हक्क या संस्थेचा. तिने ती घ्यावी आणि कसणाऱ्या तरुण शेतकऱ्यास द्यावी. तेथेही पळवाटा निघाल्या. जमिनीऐवजी कंपनीचे समभाग विकण्याची युक्ती निघाली, आणि वर्षातून महिनाभर उघडणारी, एरवी कुलूपबंद असणारी शहरी लोकांची घरे तेथील गावांतही आहेत. फ्रान्स म्हणजे रामराज्य नव्हे. पण खेड्याचे सौंदर्य खेडुताच्या मालकीवाचून टिकत नाही, एवढे तेथील राज्यकर्त्यांना कळले होते.

आमच्या राज्यकर्त्यांनी युरोपातून काय आणले? इमारतींचे दर्शनी भाग! मोसे नदीच्या खोऱ्यात, मुळशी आणि वेल्ह्याच्या हद्दीत, २००१ मध्ये अठरा गावांचा टापू थंड हवेच्या ठिकाणासाठी अधिसूचित झाला आणि तेथे लवासा उभे राहिले. वरसगावच्या पाण्याच्या काठी इटलीतील पोर्टोफिनो बंदराची प्रतिकृती रंगवून काढली. तेथे नियोजनाचा अधिकारही कंपनीच्याच हाती दिला गेला. म्हणजे घर बांधणाराच घराला परवानगी देणार! जमिनी कशा मिळविल्या यावर आदिवासी आणि शेतकरी लढले, २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबविण्याची नोटीस काढली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. ज्या मुळशी पेट्यात १९२१ साली सेनापती बापटांनी शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी सत्याग्रह केला, त्याच्या शेजारच्या खोऱ्यात हे घडले. आता लहान लहान लवासांचे पीक आले आहे. एका मोठ्या कंपनीऐवजी शंभर लहान मालक, आणि शंभर कुंपणे. यांच्याविरुद्ध घोषणा देणे अवघड आहे, कारण फाटकावरची नावे आपल्या ओळखीची असतात.

सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण काढले. शेतकऱ्याने आपल्या शेतावर पाहुणे ठेवावेत ही कल्पना चांगलीच आहे. २०२३ मध्ये स्त्रियांसाठी ‘आई’ नावाचे पर्यटन धोरण आले. त्यात स्त्रियांच्या पर्यटन व्यवसायाला पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाचा परतावा आहे. कागदावर याहून अधिक काय हवे? परंतु बँकेच्या दाराशी गेलेल्या बाईला पहिला प्रश्न विचारला जातो तो सातबाऱ्याचा. सातबारा नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, नाहीतर दहा चुलत्यांच्या नावे सामाईक. वाटप झालेले नाही, वारसनोंदी रखडलेल्या. ज्या बाईच्या भाकरीवर हा सारा धंदा चालतो, ती कागदावर कोठेच नाही. येथे शरद जोशींची आठवण काढावी लागते. त्यांच्या अर्थनीतीशी आमचे कधी जमले नाही. पण १९९० च्या सुमारास घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा असे शेतकऱ्यांना सांगणारी लक्ष्मीमुक्ती त्यांच्या संघटनेने चालविली, आणि हा कार्यक्रम मुळात आम्ही घ्यावयास हवा होता, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. तारण न मागता कर्ज मिळाले नाही, वारसनोंदीची शिबिरे प्रत्येक खोऱ्यात झाली नाहीत, तर या धोरणांचा लाभ ज्याने शेतकरी दाखला विकत घेतला त्या शहरी शेतकऱ्यालाच मिळणार.

वेल्हे तालुक्याला २०२५ मध्ये राजगड हे नाव मिळाले. या नामांतराचे समारंभ झाले आणि व्हावयासही हरकत नव्हती. पण ज्या राजगडाच्या आश्रयाने मावळातील कुणबी वतनदाराच्या जाचातून सुटला, असे आपण भाषणांत सांगतो, त्याच्या पायथ्याचा कुणबी आज गुंठ्यागुंठ्याने वतन गमावीत आहे. त्याबद्दल व्यासपीठावरून अवाक्षर निघाले नाही.

आणि एक दुसरा माणूस या चित्रात नाहीच. भोरच्या खोऱ्यातून पहाटेची गाडी पकडून शिरवळच्या कारखान्यात कंत्राटावर जाणारा पोरगा. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्यास दर वीस दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली होती. कंत्राटदार त्याचे दिवस भरूच देत नाही. धरणाकाठच्या रम्य निवासात तो पाहुणा म्हणून कधी येईल काय? लाग्रांजचे तिकीट याच्यासाठी होते.

तेव्हा तालुका शाखांनी करावयाचे काम स्पष्ट आहे. विक्रीस निघालेल्या शेतजमिनीवर ग्रामसभेचा किंवा गावच्या सहकारी संस्थेचा प्रथम खरेदीचा हक्क असावा, त्यासाठी सरकारी निधी असावा, ही मागणी या अधिवेशनात ठरावरूपाने आली पाहिजे. धरणाच्या वरच्या वाड्यांना उपसा योजनांतून पाण्याचा वाटा मिळाल्याखेरीज काठावरच्या नव्या विश्रांतिगृहांना पाणी देऊ नये, ही दुसरी. कृषी पर्यटनाचा परवाना फक्त जो तेथे राहतो आणि कसतो त्याला, ही तिसरी. गुंजवणे, केळद, पासली, हिरडस मावळ येथे मुक्कामी एस.टी. चालू राहावी, ही चौथी. कारण गाडी बंद झाली की मोटारवाल्यांखेरीज कोणीही तेथे सुटीला जाऊ शकत नाही आणि गावातील आजारी माणूस बाहेर पडू शकत नाही.

ठराव होण्यास वेळ लागेल. तोवर आपल्या सहानुभूतीदारांनी एवढे तरी करावे. जागा ठरविताना देखावा विचारावाच, तो विचारण्यात पाप नाही. पण त्याबरोबर सातबारा कोणाचा, स्वयंपाक करणाऱ्या बाईला किती मिळते, पाणी कोठून येते, हेही दूरध्वनीवरच विचारावे. ज्यांची स्वतःचीच कुंपणे या खोऱ्यांत आहेत, त्यांना काय सांगावे हे मला सुचत नाही. त्यांच्यापैकी काहीजण या साप्ताहिकाचे आजीव वर्गणीदार आहेत. त्यांनी निदान विहीर गावाला मोकळी करावी. आणि पक्षाचे पुढचे अभ्यासशिबिर, जे गेल्या खेपेस धरणाकाठच्या एका खाजगी बंगल्यात सवलतीच्या दरात भरले होते, ते या वर्षी एखाद्या वाडीतील दहा घरांत वाटून भरवावे. गैरसोय होईल, पावसाळ्यात छपरे गळतील. हिशोब मात्र प्रत्येक घरच्या बाईच्या हाती द्यावा आणि पावतीही तिच्याच नावाने घ्यावी.