किल्ली ज्याची त्यानेच बनवावी



आपली मुलं आता कोड गिटहबवर ठेवू लागली आहेत. १३ ऑगस्ट २०२१ पासून तिथे गिटच्या कमांडला खात्याचा पासवर्ड चालत नाही. टोकन घ्या, नाहीतर एसएसएच किल्ली बनवा. आणि किल्लीपाशी गाडी हमखास अडते. पडद्यावर येतं, 'परमिशन डिनाइड, पब्लिक की'. मग आपण काय करतो? "सरक बाजूला, मी करून देतो."

माझं स्पष्ट मत आहे, हे करू नका. मी केलंय म्हणून सांगतो. एका विद्यार्थ्याने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फाइल टाकली, "सर, यात काय चुकलंय बघा ना." ती त्याची खाजगी किल्ली होती! त्याला काय बोलणार? कमांड मीच टाइप करून दिली होती, एका कमांडने दोन फाइल का तयार होतात हे सांगितलंच नव्हतं.

नावाच्या शेवटी 'डॉट पब' असलेली फाइल म्हणजे कुलूप समजा. ते गिटहबच्या सेटिंगमध्ये लावायचं, कुणी पाहिलं तरी बिघडत नाही. 'डॉट पब' नसलेली ती खरी किल्ली, ती आपल्या कॉम्प्युटरबाहेर जाता कामा नये. गेलीच, तर खात्यातून जुनं कुलूप काढायचं आणि नवी जोडी बनवायची. यात लाजण्यासारखं काही नाही. मार्च २०२३ मध्ये खुद्द गिटहबच्या सर्व्हरची खाजगी आरएसए किल्ली थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती. त्यांनीही ती बदललीच.

तेव्हा मुलाशेजारी बसा, पण कीबोर्डला हात लावू नका. फक्त विचारा. कुलुपाची ओळ पूर्ण कॉपी झाली का? रिपॉझिटरीचा पत्ता 'एचटीटीपीएस'ने सुरू होतो का? तसं असेल तर किल्ली वापरलीच जात नाही, बिचारं पोर उगाच किल्लीवर किल्ली बनवत बसतं. नंतर चाचणीची कमांड द्यायला सांगा. गिटहब 'हाय' म्हणून खात्याचं नाव घेतं आणि पुढे 'पण शेल ॲक्सेस देत नाही' असंही म्हणतं. त्या 'पण'ला मुलं घाबरतात. अहो, जमलंय ते!

मात्र नाव वाचायला लावा. शाळेच्या लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर अनेक जण बसतात, आणि 'हाय'च्या पुढे कधी कधी सकाळच्या तुकडीतल्या भलत्याच मुलाचं नाव येतं. त्याची किल्ली तिथेच राहिलेली असते. म्हणून तास संपताना किल्ली कॉम्प्युटरवरून आणि कुलूप खात्यातून काढायला मी आता सांगतो.

त्या विद्यार्थ्याने नवी जोडी स्वतः बनवली. अख्खा तास गेला, धडा मागे पडला. पडू दे.