कादंबरीचा दाखला

गेल्या आठवड्यात वेरूळला मालोजीराजांच्या गढीपाशी पुण्याकडून आलेल्या एका गृहस्थांनी मला मोठ्या आस्थेने विचारले, की मालोजी आणि विठोजी या बंधूंचे जे मध्यरात्रीचे संभाषण त्यांनी एका कादंबरीत वाचले होते, ते नेमके कोणत्या दालनात झाले. असे संभाषण कोणत्याही दप्तरात नमूद नाही, ते लेखकाच्या प्रतिभेचे आहे, असे मी सांगताच ते काहीशा दुखावलेल्या स्वरात म्हणाले, “अहो, छापलेलं आहे ते!” हे वाक्य आठवडाभर माझ्या मनातून गेलेले नाही.

शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या ‘छावा’ या कादंबरीवरून निघालेला चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत आला. तेव्हापासून वेरूळ-खुलताबादच्या रस्त्यावर असे प्रश्न मला वारंवार ऐकू येतात.

माझी तक्रार कादंबरीकारांविरुद्ध नाही. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला आमच्या मराठवाड्याच्या नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ पत्ररूप प्रस्तावना आहे. लेखकाला लिहिलेल्या त्या पत्रात इतिहासाचा पुरावा कोठे संपतो आणि कलावंताची जबाबदारी कोठे सुरू होते, याचा ऊहापोह इतक्या निर्भीडपणे केलेला आहे, की स्तुतिपर चार शब्दांची अपेक्षा करणारा वाचक चकित व्हावा, आणि ती प्रस्तावना छापणाऱ्या देसाईंविषयीचा आदर दुणावावा. परंतु ग्रंथालयातून मी आणलेल्या प्रतीत प्रस्तावनेची पाने कोरी करकरीत होती. कथानक सुरू होते तेथून मात्र पानांचे कोपरे अंगठ्याच्या घामाने काळवंडलेले, आणि अफझलखानाच्या भेटीचे प्रकरण तर शिवणीतून सुटून आलेले. कुरुंदकरांना वगळून ज्यांनी ‘श्रीमान योगी’ वाचली, त्यांनी ती अर्धीच वाचली, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पावसाळ्यात ना. सं. इनामदारांची औरंगजेबावरील ‘शहेनशहा’ पुन्हा वाचली. ज्या बादशहाचे नुसते नाव उच्चारताच आपला कंठ कठोर होतो, त्याच्या अंतःकरणात शिरून त्याचा संशय, त्याची निष्ठा आणि त्याचे भयंकर एकाकीपण मराठी वाचकासमोर मांडण्याचे इनामदारांचे धैर्य मला आजही असामान्य वाटते. घाट चढून खुलताबादेस जावे, जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारातील, वर छत नसलेली ती मातीची कबर पाहावी, आणि मग कादंबरीची अखेरची पाने वाचावीत. तिरस्कार आणि अनुकंपा एकाच वेळी मनात कशा नांदतात, याचा प्रत्यय त्या वाचनाने येतो.

तरीही राजांचे एक बरे असते. फर्माने, सनदा, बखरी, परकीयांच्या रोजनिश्या, वतनाचे महजर असे सारे त्यांच्या साक्षीला उभे असते, आणि कादंबरीकार चुकला तर त्याला दुरुस्त करणारा कागद आज ना उद्या सापडतो. ज्यांच्या नावे कधी कोणी कागदच केला नाही, त्यांचे काय? हा विचार करीत असता हाती आली ती रा. रं. बोराडे यांची १९७१ ची ‘पाचोळा’, आणि खरे सांगायचे तर त्यानंतर बाकीच्या कादंबऱ्या मनाच्या एका कोपऱ्यात जाऊन बसल्या. खेड्यातल्या एका शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पारबती मराठवाडी बोलीत सांगते. लेखक मध्ये कोठेही येत नाही, समजावीत नाही, हळहळत नाही. नवऱ्याचा हट्टी मानीपणा आणि गावातल्या बलिष्ठांची मर्जी यांच्यामध्ये चिरडत जाणारी ती बाई बोलत राहते, आणि आपण ओसरीवर बसून ऐकत राहतो. बोराडे वैजापूरला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. वैजापूर म्हणजे आमच्या जिल्ह्याचाच तालुका. तहसिलीच्या कोणत्या दप्तरात अशा शिंप्याची विपन्नावस्था नोंदलेली सापडेल? जमाबंदीत त्याला जमीन नाही, महजरात त्याची साक्ष नाही. येथे कादंबरी हाच दस्तऐवज आहे. गढीपाशी भेटलेल्या त्या गृहस्थांनी पारबतीची ओसरी कोठे, असे विचारले असते, तर मी त्यांना आसपासच्या कोणत्याही गावात नि:शंकपणे घेऊन गेलो असतो.

ग्रंथपालांना मी विनंती केली आहे की ‘पाचोळा’ मागल्या कपाटातून काढून दर्शनी फळीवर ठेवावी, आणि आणखी दोन प्रती मागवाव्यात.