अणूविषयीची बदलती मते

संपादक महाशयांस,


अणूविषयीची मते वारंवार बदलतात, सबब विज्ञान भरवशाचे नव्हे, हा गतांकातील पत्रलेखकांचा निष्कर्ष मला सर्वथा अमान्य आहे. १८०८ साली डाल्टनने अविभाज्य मानलेल्या अणूत १८९७ मध्ये थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला. आणि सोन्याच्या अतितलम पत्र्यावर सोडलेले बहुतेक अल्फा कण आरपार गेले, परंतु क्वचित एखादा उलट फिरला, तेव्हा १९११ मध्ये रदरफर्डने आपल्या गुरूचा, थॉमसनचाच, अणूचा आराखडा पुराव्यानिशी रद्दबातल ठरविला. केवढी ही सत्यनिष्ठा! याच बदलत्या ज्ञानाच्या आधारे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. पत्रलेखकांनी आपले मत फेरतपासावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अक्कलकुवा