नदीवरची सफर आणि ‘तुम्ही’ म्हणजे कोण?



आमच्या काळाचौकीच्या शनिवारच्या बैठकीत रेशनकार्ड, पोटगी, पुनर्विकासात मिळणाऱ्या खोलीवर बाईचं नाव, असे विषय नेहमीचेच. गेल्या वर्षभरात त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. निवृत्त झालेली एक परिचारिका, बालवाडीच्या एक शिक्षिका, पालिकेच्या कचेरीत आयुष्य काढलेली एक कारकून, अशा तिघींनी वेगवेगळ्या वेळी एकाच तऱ्हेचं माहितीपत्रक आणून दाखवलं. इटलीत नदीवरून आठवडाभराची बोटीची सफर. वर ठळक अक्षरांत प्रश्न : ही सफर तुमच्यासाठी योग्य आहे का?

मला बोलायचं आहे ते यातल्या ‘तुमच्यासाठी’ या शब्दाबद्दल. या बायकांनी हा प्रश्न घरी नेला तेव्हा उत्तरं आली ती अशी : गणपती तोंडावर आलेत. नातवाची परीक्षा आहे. एवढ्या पैशांत गावच्या घराचं छप्पर होईल. लोक काय म्हणतील? यातलं एकही उत्तर त्या बाईबद्दल नाही. प्रश्न तिला विचारलेला आणि उत्तर देतंय सगळं घर!

आमच्या भागातल्या बायांना बोट नवी नाही. भाऊचा धक्का इथून जवळच. गिरणीत लागलेल्या नवऱ्यांच्या मागून कोकणातून आलेल्या आमच्या कितीतरी सासवा नि आज्या बोटीनंच मुंबईला आल्या. पुन्हा बोटीत बसल्या त्या भातलावणीला, बाळंतपणाला नाहीतर मयताला. १७ जुलै १९४७ रोजी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेवर माणसं गेली. त्या घरांतून बोट या शब्दाला अजून भीतीचा वास आहे. मौजेसाठी, कुणाच्याही कामासाठी नव्हे, बोटीत बसलेली बाई आमच्या गल्लीला अजून परकीच आहे.

बाईनं जायचं म्हटलं की तिची उलटतपासणी होते, हेही जुनंच. आनंदीबाई जोशी १८८३ साली डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. निघण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी जाहीर सभेत भाषण केलं. का जातेस, एकटी का, जातीबाहेर टाकलं तर काय, काही संकट आलं तर काय, कुठल्याच बाईनं केलं नाही ते तूच का करतेस, या लोकांच्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरं दिली. त्या शिकायला निघाल्या होत्या, तुम्ही फिरायला, हा फरक मला मान्य आहे. पण प्रश्नांची यादी बघा. सव्वाशेहून अधिक वर्षांनी ती फारशी बदललेली दिसते का?

आता आपल्याच बाजूचा आक्षेप. आमच्या बैठकीतली एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, ‘गिरण्या गेल्या, घरं गेली, आणि आपण बोटीच्या सहलींवर चर्चा करायची? हे मध्यमवर्गीय चोचले आहेत.’ तिचा राग मला समजतो. काही लाखांचा हा खर्च आमच्यातल्या बहुतेकींच्या स्वप्नातही नाही. पण विश्रांती हा चोचला आहे, हे मात्र मी मानणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून आठवड्याची सुट्टी मिळवली, ती १८९० साली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला झालेल्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या होत्या. म्हणजे सुट्टीच्या हक्कासाठी बाई पहिल्यापासून उभी आहे. पण रविवारी मटण रांधायला चुलीशी उभी राहिली तीही तीच. कामगाराला रविवार मिळाला, कामगाराच्या बायकोला कुठे मिळाला?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. आठवडाभर बाई घरात नसेल तर ही मिनिटं कोण भरून काढणार, हीच घराची खरी चिंता असते. गुडघ्यांची काळजी त्या आडून बोलत असते. गंमत अशी, की या सफरीत जिथे बसनं नेतात त्या पाडुआ शहरातच १९७२ साली काही स्त्रिया जमल्या आणि ‘घरकामाला वेतन द्या’ या मागणीची आंतरराष्ट्रीय मोहीम उभी राहिली. माहितीपत्रकात चर्च आहे, बाजार आहे, हे मात्र नाही.

म्हणून माझं म्हणणं असं : जायचं की नाही, हे बाईनं ठरवावं, आणि ते स्वतःचा हिशेब मांडून ठरवावं. हिशेब मांडायला माहिती लागते. आम्ही बैठकीत जमवली ती इथे देते.

पहिलं म्हणजे नदी. इटलीतली ही सफर पो नदीच्या नावानं विकली जाते. आल्प्समध्ये उगम पावून साडेसहाशे किलोमीटर वाहत एड्रियाटिक समुद्राला मिळणारी ही इटलीची सर्वांत लांब नदी. पण तिचं पाणी उथळ. २०२२ च्या दुष्काळात तर ती कित्येक ठिकाणी वाळूचे पट्टे दाखवत होती. त्यामुळे बोट बराच वेळ व्हेनिस आणि भोवतालच्या खाडीत असते, आणि पाडुआ, बोलोन्या, वेरोना वगैरे बसनं दाखवतात. रोम आणि फ्लॉरेन्स या नदीवर नाहीत. दिवसरात्र नदीतून संथ वाहत जायचं चित्र मनात असेल, तर किती तास बोट आणि किती तास बस, हे आधी विचारा. पाणी कमी झालं तर काय करणार, तेही विचारा.

दुसरं शरीर. बोटीचा मोठा फायदा असा, की बॅग एकदाच उघडायची. रोज नवं हॉटेल नाही, ओझी उचलणं नाही, आणि जन्मभर दुसऱ्यांना वाढलेल्या बाईच्या पुढ्यात आयतं ताट येतं. पण व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. बोटीत लिफ्ट आहे का, ती सगळ्या मजल्यांवर जाते का, रोज किती चालावं लागेल, हे लेखी मागा. बोटीत करमतं का, चढउतार जमते का, हे पाहायला इटली कशाला हवी? २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, तासाभराचा प्रवास. आधी दोघी-तिघींनी मिळून तो करून पाहा. गुडघे झेपतात की नाही, हे तुमचे गुडघे सांगतील. सुनेनं किंवा नवऱ्यानं सांगायची गरज नाही.

तिसरं पैसा. इथे एक जुना अन्याय नव्या कपड्यांत भेटतो. दर दोघांत एक खोली धरून लावलेला असतो. एकटीनं जायचं तर ‘सिंगल सप्लिमेंट’ म्हणून जादा पैसे, कधी कधी जवळजवळ दुप्पट. विधवा, परित्यक्ता, अविवाहित, सगळ्यांनी एकटेपणाचा दंड भरायचा! एकट्या बाईला खोली नाकारणारा आपल्याकडचा लॉजवाला आणि दुप्पट पैसे घेणारी तिथली बोट, दोघांच्याही लेखी बाई म्हणजे जोडीतला अर्धा भाग. काही कंपन्या काही फेऱ्यांना हा आकार माफ करतात, काही जणी अनोळखी बाईबरोबर खोली वाटून घ्यायला तयार असतात. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही, म्हणून विचारा. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएसही घेतात. तो ज्याच्या पॅनवर भरला जातो त्याच्याच खात्यात दिसतो, आणि विवरणपत्र भरून परतही मागता येतो. पैसे तुमचे असतील तर पॅनही तुमचाच द्या.

चौथं कागदपत्रं. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम बदलले. लग्नाचा दाखला जोडण्याची अट गेली, आणि विभक्त किंवा घटस्फोटित बाईवर नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही. सहलीला जा किंवा जाऊ नका, पासपोर्ट प्रत्येकीनं काढून स्वतःच्या कपाटात ठेवावा. व्हिसाला निदान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. त्यात मधुमेह, रक्तदाब लपवू नका, नाहीतर ऐन वेळी विमा कामाला येत नाही. आणि बँकेची पानं मागतात, तेव्हा कळतं की घर चालवणाऱ्या बाईच्या नावावर दाखवायला काहीच नाही. ही गोष्ट सहलीपुरती नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

गेलातच तर माहितीपत्रकाबाहेरचंही पाहा. पाडुआच्या विद्यापीठात १६७८ साली एलेना कोर्नारो पिस्कोपिया या व्हेनिसच्या बाईला डॉक्टरेट मिळाली. तिला ती धर्मशास्त्रात हवी होती. बाईला धर्मशास्त्र कसलं, म्हणून बिशप आडवे आले, तेव्हा तत्त्वज्ञानात दिली. बुरानो बेटावर लेस घ्याल, तर तिथे १८७२ ते १९७० पर्यंत चाललेल्या लेसच्या शाळेची आठवण ठेवा. बायकांच्या डोळ्यांवर आणि बोटांवर उभा राहिलेला तो धंदा. आणि याच पोच्या खोऱ्यात, बोट जात नाही तिथे, पश्चिमेकडे व्हर्चेल्लीला भातशेती आहे. गुडघाभर पाण्यात वाकून तण काढणाऱ्या बायकांनी तिथे १९०६ साली संप करून आठ तासांचा दिवस मिळवला. कोकणात लावणी केलेल्या बाईला त्यांची पाठ कशी दुखली असेल, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

नाही म्हणायलाही सबळ कारणं आहेत. जुन्या व्हेनिस शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. घरं पाहुण्यांसाठी गेली आणि राहणारे बाहेर गेले. लालबाग-परळमध्ये टॉवरच्या सावलीत राहणाऱ्या आपल्याला हे ओळखीचं आहे. आमच्यातल्या एकीनं हे वाचून बेत सोडला आणि त्या पैशांतल्या थोड्याशा भागात बहिणीला घेऊन नर्मदेकाठी राहून आली. दुसरीनं भिशी लावली आहे, दोन वर्षांनी जाणार म्हणते. तिसरी अजून ठरवते आहे. तिघींचे निर्णय वेगळे, पण तिघींनी ते स्वतः घेतले किंवा स्वतः घेत आहेत. मला त्यांच्या नदीपेक्षा याचं अप्रूप अधिक आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एक कागद घ्यावा. इटली असो, नाशिक असो, नाहीतर माहेरचं गाव, मला कुठे जायचं आहे आणि मला कोण अडवतं, एवढंच लिहावं. सह्या नकोत. ते कागद आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात त्यांवर बोलू.