'विक्रांत' आणि गोव्याचे संग्रहालय

संपादक महाशयांस,

'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका मोडीत निघाल्याने काही बिघडले नाही, तिच्यावर असलेल्या जातीची विमाने गोव्यात पाहावयास मिळतातच, हे आपल्या पत्रलेखकांचे प्रतिपादन मला ग्राह्य वाटत नाही. बोगमाळोच्या नौदल विमानसंग्रहालयातील 'सी हॉक' विमान न्याहाळता येईल; परंतु सुमारे सातशे फुटांच्या हेलकावणाऱ्या डेकवरून ते वाफेच्या रेट्याने कसे फेकले जाई, आणि चितगाव, कॉक्स बाजारवरील १९७१ च्या स्वाऱ्यांहून परतताना शेपटीचा आकडा आडव्या पोलादी दोरात अडकवून कसे थांबे, हे खुद्द जहाजावर पाऊल ठेवल्यावाचून उमगणे दुरापास्तच. जहाज जतन करण्याच्या खर्चाची सबब मात्र (तीत तथ्य आहे, हे नाकारत नाही) अंतिम कशी मानावी? न्यूयॉर्कने दुसऱ्या महायुद्धातील विमानवाहू नौका 'इंट्रेपिड' १९८२ पासून संग्रहालय म्हणून चालविली आहे. मुंबईत हजारोंनी पाहिलेली 'विक्रांत' मात्र २०१४ साली भंगारात गेली.

आपला,
एक वाचक