तहकूब सभेची बातमी

लिंबागणेशचं नाव पेपरात कधी येतं? चतुर्थीला भालचंद्र गणपतीच्या गर्दीसोबत, उन्हाळ्यात टँकरसोबत, नाहीतर मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावर अपघात झाला तर. मधले दिवस गाव जणू नसतंच.

इंटर्नशिपमध्ये माझ्या वाट्याला तालुक्याच्या बातम्या आल्या. चार-चार ओळींच्या. सोबतच्या मैत्रिणी पुण्या-मुंबईत कॅमेऱ्यासमोर उभ्या आणि मी इथं 'हातपंप नादुरुस्त'ला हेडिंग देतेय! खोटं कशाला सांगू, लाज वाटायची.

मग एक बातमी आली : एका गावाची २६ जानेवारीची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब. दोन ओळी. मी ती कोपऱ्यात ढकलणार, तेवढ्यात डेस्कवरचे सर म्हणाले, "तहकूब सभा पुन्हा कधी आहे, ते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. तुम्हालाही कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगते. ग्रामसभेला गावातले १५ टक्के मतदार किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात. पण तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमची अटच नाही. दहा डोकी जमली तरी ठराव पास. आणि घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी निवडण्याचा अधिकार याच सभेचा.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशेब लावा. दिवाळीच्या आगेमागे कोयते गाव सोडतात. २६ जानेवारीला ते फडात असतात आणि गावात उरतात म्हातारी माणसं नि शाळेतली पोरं. म्हणजे ज्याला घरकुल सगळ्यात जास्त हवंय, तोच सभेला नाही. माझं मत सरळ आहे : लाभार्थ्यांच्या याद्या १५ ऑगस्टच्या सभेत वाचा, कोयते घरी असताना. आणि सभेला किती माणसं होती तो आकडा पेपरात छापून येऊ द्या.

"गावाच्या ग्रुपवर सगळं येतं की," असं म्हणणारे भेटतात. येतं ना, वाढदिवसाचे बॅनर येतात. प्रश्न विचारला की ॲडमिन ग्रुप बंद करतो.

मी त्या सभेवर थोडं सविस्तर लिहिलं. दुसऱ्याच दिवशी ओळखीच्या एका काकांचा फोन : "पोरी, लिहिलंस ते खरंय. पण तुझ्या बापाला रोज त्याच माणसांत बसायचंय." गावाबद्दल लिहिण्यातली खरी अडचण हीच. मुंबईतल्या पत्रकाराला मंत्री पारावर भेटत नाही. आम्हाला सरपंच दूध घालताना भेटतो.

तरी हे जमतं. शेजारच्या नगर जिल्ह्यात, नेवासा तालुक्यातल्या तरवडीतून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' साप्ताहिक चालवलं. सुरुवात १९१० ची, आणि पुढं पन्नासहून जास्त वर्षं. सावकारी, भिक्षुकशाही, शेतकऱ्यांचे हाल, सगळ्यावर लिहिलं आणि राहिले खेड्यातच. त्यांनाही रोज माणसं भेटतच असतील की!

काकांना मी काय उत्तर दिलं? त्या वेळी काहीच नाही. बाबांना मात्र रात्री विचारलं. ते म्हणाले, "आधी हे सांग, आपल्या गावच्या सभेला तू कधी गेलीस?"

अठरा पूर्ण होऊन चार वर्षं झाली. एकदाही नाही.


१५ ऑगस्टला कॉलेजात झेंडावंदन झालं की पहिली गाडी पकडणार आहे. वही सोबत असेल.