आप्पांची पद्मिनी

वडिलोपार्जित इस्टेट म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे कोकणातली आंब्याची बाग नाही तर पुण्यातला वाडा येतो. आमच्या वाट्याला आली १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी! कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, चार सिलिंडरांची, १०८९ सीसीची आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. आप्पा गेल्यावर दीड वर्ष ती ताडपत्रीखाली उभी होती.

गेल्या वर्षी धाकट्या भावाने भंगारवाला ठरवला. आई एवढेच म्हणाली, "विका हवी तर. पण भाऊबीजेला एकदा तिच्यातून मला गिरगावात भावाकडे ने." आप्पा तिला दरवर्षी असेच नेत. भाऊबीज तीन आठवड्यांवर आली होती आणि गाडी चालू व्हायचे नाव घेत नव्हती!

माझे यंत्रज्ञान म्हणाल, तर लहानपणी रविवारी आप्पांच्या शेजारी टॉर्च धरून जांभया देण्यापुरते. "जरा बघ तरी मी काय करतोय," ते म्हणत. मी गल्लीतले क्रिकेट बघत असे. एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता "भंगारच बरं, साहेब" असा निकाल दिला. शेवटी गाठले ते आमच्या गल्लीतले निवृत्त टॅक्सीवाले चाचा. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमच्या गेल्या. चाचांचे हात मात्र अजून शिवशिवत होते. तरीही पान्याला त्यांनी बोट लावले नाही. म्हणाले, "हात तुमचे, डोळे माझे!"

चाचांचे शास्त्र तीन शब्दांचे: हवा, पेट्रोल, ठिणगी. टाकीतले शिळे पेट्रोल काढले, कार्बुरेटर धुतला, नवी बॅटरी बसवली. गाडी ढिम्म! मग पेट्रोलचा डबा लांब ठेवून एक प्लग काढला, वायरीसकट इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि चिरंजीवांना किल्ली फिरवायला सांगितले. ठिणगीचा पत्ता नाही.

चोर सापडला डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखाली. तिथे पॉइंट नावाची दोन इवलीशी टोके असतात. ती उघडली की कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टची ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेते तेव्हा ही टोके सेकंदाला १०० वेळा उघडतात! आमची काळी पडून गप्प बसली होती. दोष गाडीचा नव्हता, तिला उभी ठेवणाऱ्यांचा होता.

टोके बारीक पॉलिश पेपरने घासली. मग फीलर गेजची पाती सरकवून फट जुळवायची. ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी! चार वेळा चुकलो. पाचव्या वेळी चाचा नुसते "हं" म्हणाले. चोक ओढला, किल्ली फिरवली आणि इंजिन खोकत खोकत जागे झाले. राहिलेल्या दिवसांत ब्रेक, टायर, फॅन बेल्ट सगळे पाहून घेतले.

भाऊबीजेला आई पुढच्या सीटवर बसली. उभ्या जन्मात ती स्टिअरिंगला शिवलेली नाही. गल्लीचा कोपरा वळताच म्हणाली, "चोक आत ढकल रे आता. ते इथेच ढकलायचे."

भंगारवाल्याला त्याच संध्याकाळी नकार कळवला. आता दर रविवारी मी बॉनेट उघडतो आणि चिरंजीव टॉर्च धरतात. जांभयाही देतात. देऊ देत!